दहापैकी दहा गुणांचा ब्रेक लाइट

मला निवडता येतं. यात फुशारकी नाही. एका केंद्रीय मंत्रालयाच्या खरेदी शाखेत पंचवीस वर्षं काढल्यावर एवढं यायलाच हवं. खुर्च्या असोत, पंखे असोत की छपाईचा कागद, तीन नमुने मागवायचे, प्रत्येक निकषाला दहापैकी गुण द्यायचे, बेरीज करायची आणि जास्त गुणांचा नमुना घ्यायचा. आमच्या घरात फ्रिजपासून उशांपर्यंत सगळं याच पद्धतीने आलं. फक्त नवरा निवडताना तक्ता केला नव्हता, असं नवराच पाहुण्यांना सांगतो.

त्यामुळे गाडीचे मागचे दिवे बदलायची वेळ आली, तेव्हा ते काम कुणी न सांगता माझ्याकडे आलं. आमची लेक पानिपतला एका कापड कारखान्यात डिझाइनर आहे. राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमधून ती सकाळी साडेसहाला आमची जुनी गाडी घेऊन निघते. थंडीत त्या हायवेवर असं धुकं असतं की जो तो पुढच्याच्या लाल दिव्याचा माग धरून चालवतो. एका सकाळी टोलनाक्यावर मागचा ट्रकवाला उतरून तिच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "बेटा, पीछे की बत्ती ठीक करा लो, दिखती ही नहीं." लेकीने हे जेवताना हसत हसत सांगितलं. त्या ट्रकवाल्याला ती दिसली नसती तर काय झालं असतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढच्याच रविवारी मी नवऱ्याला घेऊन करोल बागेत, गाडीच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार गाडीबद्दलचं सगळं नवऱ्याशी बोलत होता आणि उत्तरं मी देत होते. थोड्या वेळाने त्याच्या ते लक्षात आलं.

"मॅडम, व्हाइट ले लीजिए. सबसे ज़्यादा रोशनी."

"लाल काचेच्या मागे पांढरा एलईडी लावला की उजेड गुलाबी पडतो, भैया. मला लालच दाखवा." हे मी हिंदीत सांगितलं, पण ऑफिसातल्या सुरात. मग त्याने ब्रेक दाबल्यावर लुकलुकणारा दिवा काढला. तोही मी परत ठेवायला लावला. मागच्याला दिव्याने घाबरवायचं नसतं, थांबवायचं असतं. दुकानदाराने गुपचूप नवऱ्यासाठी चहा मागवला.

आमच्या गाडीत मागचा साधा दिवा आणि ब्रेकचा दिवा एकाच बल्बमध्ये आहेत. गाडी चालू असताना तो कमी पेटतो, ब्रेक दाबला की जास्त. लाल एलईडीचे तीन नमुने मी गाडीत लावून पाहिले आणि वहीत तक्ता आखला: बसतो कसा, तापतो किती, साधा दिवा किती प्रखर, ब्रेक किती प्रखर. एका नमुन्याने शेवटच्या दोन्ही रकान्यांत दहापैकी दहा मिळवले. दुसऱ्याचा ब्रेक चांगला होता, पण साधा दिवा जुन्या बल्बपेक्षा थोडाच उजळ, म्हणून मी त्याला पाच दिले. बेरीज केली, पहिला घेतला. परतताना नवरा म्हणाला, "मंगळावरून दिसेल आता आपली गाडी." मला ते कौतुकच वाटलं.

लेक आठवडाभर त्या दिव्यांवर पानिपतला जाऊन आली. मी निर्धास्त होते.

शनिवारी सकाळी धुकं दाट होतं. लेक निघाली आणि तिच्या मागोमाग आम्ही दोघं स्कूटरवरून भाजीला निघालो. कॉलनीच्या फाटकाजवळ गतिरोधक आहे. तिथे लेकीने गाडी थांबवली आणि आमची स्कूटर सरळ जाऊन तिच्या बंपरवर आदळली. वेग नव्हता, कुणाला खरचटलंही नाही. मडगार्ड तेवढं चेपलं.

"अहो, लक्ष कुठे असतं तुमचं?" मी मागच्या सीटवरून सुरू झाले.

"समोरच होतं," नवरा म्हणाला. "अगं, तिने ब्रेक लावला कधी? दिवा होता तसाच होता."

मला हे मुळीच पटलं नाही. मी लेकीला खाली उतरू दिलं नाही. गाडीच्या मागे उभी राहिले आणि "दाब, सोड, दाब, सोड" असं तिच्याकडून करून घेतलं. "दिसतोय की फरक!" मी नवऱ्याला म्हटलं.

त्याने हेल्मेट काढलं. "तुला दिसणारच. तूच सांगतेयस कधी दाबायचं ते. आता तू गप्प बस आणि तिला तिच्या मनाने दाबू दे."

मी गप्प बसले. लेकीने ब्रेक दाबला असावा किंवा सोडला असावा. लाल उजेड भगभगत होता आणि मी डोळे ताणून त्याच्याकडे पाहत होते. "आता?" मी विचारलं. "नाही आई, मघाशीच," लेक आतून म्हणाली. पुन्हा केलं, पुन्हा चुकले.

साध्या दिव्याला दहा आणि ब्रेकलाही दहा. दोन्ही रकाने मी आखले होते, पण त्या दोघांमधला फरक किती, हा रकानाच आखला नव्हता. मागच्या माणसाला थांबवतो तो हा फरक. आणि असल्या दिव्यांवर मी पोटच्या पोरीला पाच दिवस धुक्यात, ट्रकांच्या पुढे धाडलं होतं. माझा माझ्यावरच एवढा संताप झाला की कुणावर तरी ओरडावंसं वाटलं, पण समोर ज्याच्यावर ओरडावं असं कुणी नव्हतं.

लेकीला रजा घ्यायला लावली. ऊन पडल्यावर तिघंही हळूहळू करोल बागेत गेलो. मी पाच गुणांचा तो बल्ब मागितला.

"मॅडम, इसे तो आपने ही रिजेक्ट किया था."

"हां, मैंने ही. गलती मेरी थी. निकालिए."

दुकानदार हसला नाही, हे त्याचं शहाणपण. बल्ब बसवल्यावर मी वही पर्समध्येच ठेवली. नवऱ्याला पंधरा पावलं मागे उभं केलं आणि लेकीला सांगितलं, वाटेल तेव्हा दाब. नवरा एकदाही चुकला नाही. मग मी उभी राहिले, मीही चुकले नाही. पुढच्या वेळी कुणी मला असे दिवे निवडायला सांगितले तर मी न घाबरता निवडीन, आता पद्धत माहीत झाली आहे.

परत येताना लेक चालवत होती, मी तिच्या शेजारी. वाटेत ती म्हणाली, "आई, या आठवड्यात दोनदा मागच्याने अगदी जवळ येऊन करकचून ब्रेक मारले होते. एकदा तर ट्रक होता."

"आणि तू बोलली नाहीस?"

"मला वाटलं, मीच उशिरा थांबतेय. दिव्यांची शंकाच आली नाही गं. तू निवडले होतेस ना."

सिग्नल लाल झाला, तिने ब्रेक दाबला. मी सीटमध्ये पूर्ण वळून मागच्या काचेतून पाहत राहिले, मागची बस थांबेपर्यंत.