खुणांची काठी
दारामागची ती रंगीत खुणांची काठी आता शेवग्याच्या शेंगा पाडायला कामाला येते, पण हातात घेतली की माझे पाय आपोआप दुखायला लागतात. डोळ्यांतल्या खुपऱ्या जाव्यात म्हणून अख्ख्या गावाला एकाच वेळी औषध द्यायचं होतं, आणि मी आशाताई म्हणून दारोदार माणसं या काठीनं मोजून उंचीप्रमाणं गोळ्या देत होते. कुणी सुटलं तर आजार परत फिरतो, असं आम्हाला बजावलं होतं. ऊन उतरताना एका म्हातारीनं माझ्यासमोर गोळ्या तोंडात टाकल्या, वर पाणी प्याली. मी वहीत खूण केली आणि वळून पाहिलं, तर त्या ओल्या गोळ्या ती पदराला बांधत होती. "माज्या डोळ्यांला काय करायच्यात? लेक येणार हाय नळदुर्गाहून बाळंतपणाला, तिला ठिवते." गाठ सोडायला लावायला हवी होती, पण पाय दमले होते, अर्धी गल्ली बाकी होती, मी नुसतं "बरं" म्हणून निघाले. पुढच्या वर्षी तीच काठी घेऊन गेले, तेव्हा म्हातारी मांडीवरच्या नातवाचे चिकटलेले डोळे पदरानं पुसत होती. मला ओळखून म्हणाली, "या बाई, बसा. लई दमलाव तुमी." अजूनही दमते मी, फक्त ते डोळे पाहिल्यापासून कुणाला तसं सांगत नाही.