वॉचमनच्या रोलसाठी मी पाठवलेला फोटो

मंगळवारी आमच्या कासार आंबोलीत शूटिंग होतं. अजून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहून मोकळी होतेय...

लहान मुलांवर होणाऱ्या अत्याचारावरचा सिनेमा. शेजारचा बंगला आठ दिवसांसाठी घेतला होता. दिग्दर्शिका तिशीची, बोलायला गोड. सिनेमात गावातली, वस्तीवरची, बाहेरून आलेली, सगळी माणसं दिसणार, डायव्हर्सिटी हवीच, असं ती म्हणाली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आमच्या सात खोल्या भाड्याने आहेत, त्यामुळे युनिटला माणसं लागली की पहिला फोन मला. आदल्या आठवड्यात कास्टिंगवाल्याचा मेसेज आला. वॉचमनचा रोल आहे, नवा चेहरा हवा, आणि मुलीला त्रास देणारा हाच.

पोलिसांकडे नोंदवायला घेतलेले भाडेकरूंचे फोटो माझ्या मोबाईलमध्ये असतातच. मी आणि जाऊबाई चहा पिता पिता ते बघत बसलो, लग्नाची स्थळं बघावीत तसे... रामसुरतच्या फोटोवर जाऊबाईंचं बोट थांबलं.

"ह्यो दे. ह्याचं तोंडच तसलं हाय."

मी हसले. आणि पाठवून दिला. दोन मिनिटांत तिकडून अंगठा आला.

रामसुरत रंगकाम करतो, सहा वर्षं आमच्याकडे राहतोय. त्याला मी एवढंच सांगितलं की वॉचमनचं काम आहे. बिचाऱ्याने गावाकडे बायकोला फोन करून कळवलं आणि इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी सातलाच हजर झाला.

सीन छोटासा होता. मुलगी बागेत खेळतेय, वॉचमन तिला खोलीकडे बोलावतो, दार बंद होतं. दिग्दर्शिकेने त्याला हळू आवाजात सगळं समजावलं. मी कुंपणापाशी उभी राहून बघत होते.

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तसा त्याचा चेहराच उतरला. डोक्यावरची वॉचमनची टोपी काढून त्याने खुर्चीवर ठेवली आणि सरळ माझ्याकडे आला.

"भाभी, परी को रोज स्कूल की गाड़ी तक हम ही तो छोड़ते हैं... फिर इस काम के लिए हमारा ही फोटो कैसे याद आया?"

आवाज चढवला नाही. उत्तराची वाट बघत नुसता उभा राहिला.

खरंच, तोच सोडतो. हे फर्स्ट शिफ्टला जातात, मी गोठ्यात असते, आणि सकाळी पौड रोडला ट्रकची ही रांग. माझ्या सहा वर्षांच्या परीला मी दुसऱ्या कुणाच्या भरवशावर तो रस्ता ओलांडू दिला नसता.

आणि आता हेही लिहूनच टाकते... आमच्या सख्ख्या नात्यात एक माणूस आहे, ज्याच्याजवळ मी परीला पाच मिनिटंही एकटी सोडत नाही. का, ते मला माझ्या लहानपणापासून माहीत आहे. त्याचाही फोटो मोबाईलमध्ये आहे, परीच्या बारशातला. चांगला गोरागोमटा, फेटा बांधलेला. तो पाठवावा असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

दिग्दर्शिकेला मी जाऊन म्हटलं, वॉचमनच का? घरातलं कुणी का नाही? विचार करते म्हणाली. दुपारी जवळच्या भरे गावातून एक माणूस आणून त्याला ती टोपी घातली... तोही काळासावळाच.

बुधवारी सकाळी रामसुरत वेळेवर दारात आला. मला तर वाटलं होतं, येणारच नाही. परीने रोजच्यासारखा त्याच्यापुढे हात केला. त्याने दोन्ही हात खिशात घातले, "चलो बिटिया" म्हणाला आणि तिच्या दोन पावलं मागून चालत राहिला.

त्या रात्री... नाही, रात्रीपर्यंत थांबवलंच नाही मला, तो परत येताच फाटकात गाठून मी त्याची माफी मागितली. "कोई बात नहीं भाभी," म्हणाला.

आज शुक्रवार आहे. हात अजून खिशातच आहेत.