चार दोर, बारा पेड
मोंढ्यातल्या दोरांच्या दुकानापुढून गेले की अंबाडीचा वास येतो आणि मला झरीचं टेलिफोन एक्स्चेंज आठवतं, बाहेर रणरणतं ऊन आणि मशीनच्या खोलीत तेवढा गारवा. त्या दुपारी मी तिथं वही घेऊन बसले होते, दुसऱ्या दिवशी माझी बढतीची परीक्षा होती. फायबरच्या तारेतून माहिती किती वेगानं जाते ते मोजायच्या दोन पद्धती, आपली एसटीएम आणि अमेरिकेची ओसी. आपला एक म्हणजे त्यांचे तीन, हे पाठ असूनही आपल्या चारचे त्यांचे किती, याचं उत्तर मी दर वेळी चारच लिहीत होते. निवृत्तीला आलेले लाईनमन मामा शेजारी बसून गाईसाठी दोर वळत होते. दुपारभर वळलेला तो दोर त्यांनी सरळ कापला आणि त्याचे चार तुकडे माझ्या वहीवर ठेवले. "मॅडम, दोर आपला, त्यातले पेड त्यांचे. आता मोजा बरं." एकेक तुकडा उलगडत मी मोजलं, बारा भरले. "ह्याच गणितात मी दोनदा नापास झालतो," मामा हसून म्हणाले, "तुमी नका होऊ." निकालानंतर पेढे घेऊन गेले तर त्यांनी मार्क विचारलेच नाहीत. पेढा हातात तसाच धरून म्हणाले, "त्यो प्रश्न आलता का?" मी म्हणाले, "आलता मामा, बारा लिहिलं." तेव्हा कुठं त्यांनी पेढा तोंडात टाकला. आज मी नव्या पोरींना असेच दोर देऊन शिकवते. पण त्या वर्षी तो प्रश्न आलाच नव्हता, हे मामांना मी अजून सांगितलेलं नाही.