विद्याक्का घरी यायच्या तेव्हा

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी एक ठेंगणीशी नर्स खोलीत आली आणि आमच्या अम्मांना कन्नडमध्ये म्हणाली, "अम्मा, घरी नेसता ती नऊवारी आणली आहे का? नेसून दाखवा बघू."

अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई, गोदूबाई. बसवनगुडीतलं आमचं घर तीन पिढ्यांचं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. अम्मांच्या आतड्याच्या टोकाला कॅन्सर निघाला होता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की नेहमीची वाट बंद करावी लागेल, आतड्याचं तोंड पोटावर काढतील आणि तिथे कायमची पिशवी लावावी लागेल. ते ऐकल्यापासून अम्मा कुणाशी बोलत नव्हत्या. आणि आता ही बाई साडी नेसायला सांगत होती.

"वेड लागलंय का हिला?" अम्मा माझ्याकडे वळून पुटपुटल्या. मराठीत, म्हणजे तिला कळणार नाही अशा बेताने.

"नाही लागलं अम्मा," नर्स मराठीतच म्हणाली. "मी कब्बनपेटेची, आमच्याही घरी मराठीच. विद्याश्री माझं नाव. साडी नेसलीत म्हणजे गाठ कुठे येते ते मला दिसेल. पिशवी नेमकी त्या गाठीखाली आली तर जन्मभर त्रास होईल."

अम्मांनी निमूटपणे साडी नेसली. मग त्या नर्सने त्यांना उभं केलं, वाकवलं, खाली बसवलं. "पोळ्या लाटताना कशा बसता? मांडी घालून की एक गुडघा वर करून? करून दाखवा." माझ्या सासूबाई हॉस्पिटलच्या फरशीवर बसून हवेत पोळी लाटत होत्या आणि ती नर्स त्यांच्या पोटावर पडणाऱ्या वळ्या निरखत होती. शेवटी तिने बेंबीच्या डाव्या बाजूला एक जागा पाहिली. तिथे वळी पडत नव्हती, साडीची गाठ येत नव्हती आणि मान खाली घातली की अम्मांना स्वतःला दिसत होतं. तिथे पेनाने खूण केली. संध्याकाळी सर्जन आले, त्यांनीही ती जागा दाबून पाहिली आणि म्हणाले, "चांगली निवडलीत सिस्टर. इथेच काढू."

ती आमची विद्याक्कांशी झालेली पहिली भेट. आज ते आठवलं की मला त्या फरशीवरच्या हवेतल्या पोळ्याच आधी दिसतात.

ऑपरेशन नीट झालं. पण अम्मा पोटाकडे बघेनात. पिशवी बदलायची वेळ झाली की भिंतीकडे तोंड करून पडायच्या. विद्याक्कांनी आग्रह केला नाही. काम करता करता त्या गप्पा मारायच्या. गांधी बाजारात शेवंती केवढ्याला झाली, लालबागेत गर्दी किती होती, असलं काहीतरी. एक दिवस बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या. काय झालं म्हणून अम्मांनी मान वळवली आणि नजर खाली गेली.

"लाल आहे की हे," अम्मा म्हणाल्या. "दुखत कसं नाही?"

"गालाच्या आत कसं लाल, ओलं असतं, तसंच आहे. हात लावला तरी दुखणार नाही. लावून बघा."

अम्मांनी लगेच हात लावला नाही. पण त्या दिवसापासून त्या बघायला लागल्या. घरी यायच्या आत, पिशवी पोटाला चिकटवायच्या चकतीला त्या तोंडाच्या मापाचं भोक कापायला शिकल्या. "भोक मोठं झालं तर घाण कातडीला लागते आणि कातडी सोलवटते. लहान झालं तर काचतं. बरोबर मापाचंच हवं," विद्याक्का सांगायच्या. अम्मा म्हणाल्या, "चोळीचा गळा बेततात तसं." विद्याक्का एवढ्या हसल्या की बाजूच्या बेडवरची बाईही हसली.

घरी आल्यावर मात्र वेगळंच सुरू झालं. अम्मांनी आपला पलंग मागच्या, न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीत हलवायला लावला. ताट-वाटी वेगळी घेतली. देवघराकडे फिरकेनात. ज्या स्वयंपाकघरात त्यांनी सगळं आयुष्य काढलं, त्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनात. आम्ही कुणी काही म्हटलं नव्हतं. माझे यजमान श्रीहरी रडकुंडीला येऊन म्हणाले, "अम्मा, कोण तुला बाहेर बस म्हणालं?"

"कुणी कशाला म्हणायला हवं? पोटावर ते घेऊन सोवळ्यात कशी जाऊ?"

विद्याक्का महिन्यातून एकदोनदा घरी यायच्या. हॉस्पिटलचं ते काम नव्हतं. सुट्टीच्या दिवशी फुलं घ्यायला गांधी बाजारात यायच्या आणि तशाच आमच्याकडे. आल्या की आधी अम्मांची कातडी बघायच्या, मग पाय पसरून खाली बसायच्या. मी कॉफी करायची. अशाच एका दुपारी अम्मांनी विचारलं, "तुला ग कसं सुचलं हे काम? एवढी कामं पडली आहेत जगात."

विद्याक्कांनी कॉफी संपवली आणि सांगितलं. त्यांचे वडील प्रतापराव होसकोटेला एका कारखान्यात कामाला होते. शेडच्या छपरावरून पडले आणि कंबरेखालचं अंग गेलं. हॉस्पिटलने घरी पाठवलं ते माकडहाडावर मूठभर जखम घेऊनच. एका जागी पडून पडून झालेली. घरात वास मारायचा, येणारे-जाणारे दारातूनच बोलून निघून जायचे. तेव्हा धर्मादाय दवाखान्यातली एक मल्याळी नर्स, अन्नम्मा सिस्टर, घरी येऊ लागली. विद्याक्का हायस्कूलमध्ये होत्या.

"ती आली की आधी अप्पांशी बोलायची. चेहऱ्याकडे बघून. मग जखमेकडे. आम्ही सगळे आधी जखमेकडे बघत होतो ना, म्हणून मला ते फार जाणवलं."

अन्नम्मा सिस्टरने माय-लेकींना शिकवलं. कूस कशी बदलायची, ओढायचं नाही तर उचलायचं. टाचांखाली उशी कशी द्यायची म्हणजे टाच गादीला टेकणार नाही. जखम कशी धुवायची, आत पट्टी कशी सैल भरायची. शाळेत जाताना विद्याक्का वडिलांना डाव्या कुशीवर करायच्या, मधल्या सुट्टीत धावत येऊन उजव्या. जखम भरेपर्यंत कितीतरी सणवार लोटले. तळाशी गुलाबी मांस यायला लागलं, तेव्हा अन्नम्मा सिस्टरने आरसा धरून वडिलांना ते दाखवलं होतं.

"बंद झाली त्या दिवशी सिस्टरने केक आणला. आईने शिरा केला. अप्पांना काय खावं कळेना. मग दोन्ही खाल्लं आणि रडले." विद्याक्का हसत होत्या. "नंतर खूप वर्षं जगले. चाकाच्या खुर्चीत बसून कब्बनपेटेतल्या स्कूटरवाल्यांना शिव्या द्यायचे. तो आवाज ऐकला की घरी आल्यासारखं वाटायचं. अजून त्या गल्लीत गेले की कान तिकडेच जातात."

अम्मांनी विचारलं, "आणि तुझं लग्न?"

"झालं की. त्यांचं दुकान होतं चिक्कपेटेत. लवकर गेले." एवढंच म्हणाल्या आणि फुलांची पिशवी उचलून निघाल्या.

त्यानंतर एकदा विद्याक्का आल्या त्या चिंतेतच. त्यांच्या वॉर्डातून एक मुलगी घरी गेली होती. घरी म्हणजे कोरमंगलातल्या पीजीत. पुण्याची, निधी नावाची, बेळ्ळंदूरच्या कुठल्याशा कंपनीत नोकरीला. मोठ्या आतड्याला भयंकर सूज येऊन ऑपरेशन करावं लागलं होतं आणि तिलाही पिशवी लावली होती. लहान आतड्याची, तात्पुरती. आई येऊन राहिली आणि रजा संपली म्हणून परत गेली. पीजीत रोज मसालेदार जेवण. खाल्लेलं सगळं पाण्यासारखं पिशवीत उतरत होतं आणि पोरगी सुकत चालली होती.

"तिला मऊ भात, मीठ घातलेली गंजी, पातळ ताक असं काहीतरी द्यायला हवं," विद्याक्का मला म्हणाल्या. "सौम्या, थोडे दिवस जमेल का? डबा नेण्याची सोय मी करते."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी गंजीसाठी, म्हणजे पेजेसाठी, तांदूळ धुतले आणि कुकर लावला. मागच्या खोलीतून आवाज आला, "कुकरमध्ये गंजी करतात का कुणी?" मी पातेलं घेतलं. "तांदूळ आधी स्वल्प भाजून घे. भरड दळ." मी भाजले. "जळतायत! वास येतोय इथवर!" अम्मा बोलत बोलत उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या, पण आत आल्या नाहीत. उंबऱ्यावर स्टूल टाकून बसल्या आणि मला हुकूम सोडत राहिल्या. आजाऱ्याच्या जेवणात नारळ घालायचा नाही, असं विद्याक्कांनी बजावलं होतं. चोथा अडकतो म्हणून. त्याचं अम्मांना फार दुःख. "खोबऱ्याशिवाय हुळी? देवा! ती आमटी कसली, पाणीच की मग."

आठवडा असा गेला. मग एका रविवारी विद्याक्का निधीलाच घेऊन आल्या. ऑटोतून उतरून पायऱ्या चढेपर्यंत मुलीचा चेहरा पांढरा पडला. सैल टी-शर्ट, त्यावर एक हात सतत पोटाशी धरलेला. तिने दारातच भिंतीचा आधार घेतला आणि तिथेच खाली बसली.

"आजी, सॉरी हं, मला जरा गरगरतंय," ती म्हणाली.

"सकाळपासून काय खाल्लंस?" अम्मांनी विचारलं.

"काही नाही. खाल्लं की पिशवी भरते. ऑटोत लीक झालं असतं तर?"

अम्मा उठल्या. सरळ आत गेल्या, पातेलं शेगडीवर चढवलं, गंजी ढवळली, डब्यातून मीठ काढलं, वाटीत ओतून फुंकर मारत बाहेर आल्या आणि तिच्यासमोर बसल्या. "गंजी आहे. घोट घोट घे."

"गंजी?" निधीने वाटीत डोकावलं. "म्हणजे गंजीफ्रॉक ना?"

"अय्यो! पुण्याचे लोक बनियन खातात का ग विद्या?"

त्या आजारी पोरीला हसू आवरेना. हसताना ती पोट धरून म्हणाली, "आजी, हसवू नका, टाके आहेत." मी श्रीहरींना डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं, कारण ते "अम्मा, तू आत..." म्हणणार होते. अम्मांच्या तेव्हा ध्यानातही आलं नव्हतं. ध्यानात आलं ते वाटी ठेवायला परत आत गेल्यावर. ओट्याशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पदराने ओटा पुसला. मी गॅसची शेगडी कशीही ठेवते म्हणून कुरकुरल्या आणि निधीसाठी आणखी थोडी गंजी गरम करायला लागल्या.

निघताना विद्याक्कांना त्यांनी दारात गाठलं. हळूच विचारलं, "देवाला चालेल का ग?"

"देवाचं मला ठाऊक नाही अम्मा," विद्याक्का म्हणाल्या. "पोटाचं ठाऊक आहे. पिशवी नीट बसली असली तर बाहेर काही येत नाही. सकाळी बदला, अंघोळ करा, साडी नेसा. पुढचं तुम्ही आणि तुमचे देव बघून घ्या."

"सरी, बरं तर," अम्मा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी देवघरात घंटा वाजली. आम्ही दोघं पलंगावर उठून बसलो आणि ऐकत राहिलो.

निधी मग रविवारची आमचीच झाली. तिचं इंग्रजी-मराठी आणि अम्मांचं कन्नड-मराठी, दोघींना एकमेकींचं अर्धं कळायचं आणि तेवढ्यावर दोघी तासन् तास बोलायच्या. दोघींच्या पिशव्यांची तुलना चालायची. प्रवासात काय करायचं, पिशवी फुगली तर काय, लोकांत आवाज झाला तर कुणाकडे बघायचं. "मी सरळ श्रीहरीकडे रागाने बघते," अम्मा सांगायच्या. विद्याक्कांनी त्यांचं बोलणं ऐकलं आणि त्या पिशवी लावलेल्या आणखी दोघातिघांना घेऊन आल्या. एक शाळामास्तर होते, होसकोटेची एक बाई आणि तिचा नवरा. महिन्यातली एक दुपार आमच्या सोप्यावर अशी माणसं जमू लागली. अम्मा होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, करायच्या, आणि ज्याला चालणार नाहीत त्याच्यासाठी गंजी.

निधीचं दुसरं ऑपरेशन ठरलं. आतडं पुन्हा जोडणार, पिशवी जाणार. हे सांगायला ती आली तेव्हा मान खाली घालून बसली. अम्मांची पिशवी कधीच जाणार नव्हती, म्हणून तिला लाज वाटत होती.

"वेडी कुठली," अम्मा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या. "तुझी जाऊ दे. माझी मी सांभाळते. पण रविवारी यायचं सोडू नकोस."

तिने सोडलं नाही. लग्न होऊन बेळ्ळंदूरला बिऱ्हाड केल्यावरही ती यायची, त्या भयंकर ट्रॅफिकमधून. अम्मा त्या पिशवीसह पुष्कळ वर्षं जगल्या. कॅन्सर परत आला नाही. दोन वर्षांपूर्वी दुपारच्या झोपेत त्यांचं हृदय थांबलं. अखेरची अंघोळ घालताना विद्याक्का आल्या होत्या. त्यांनी स्वतः पिशवी काढली, जागा स्वच्छ केली, वर मऊ कापडाची घडी ठेवली आणि अम्मा नेसायच्या अगदी तशीच नऊवारी नेसवली. निधी त्यांच्या शेजारी उभी राहून निऱ्या धरत होती.

आता विद्याक्का निवृत्त झाल्या आहेत. होसकोटेला धाकट्या भावाकडे, संतोषकुमारकडे असतात. महिन्याच्या त्या दुपारी मात्र मी गाडी घेऊन त्यांना आणायला जाते. जमणारी माणसं वाढल्यामुळे सोपा पुरत नाही, म्हणून आता आम्ही जवळच्या एका सभागृहात भेटतो. कॉफी तिथेही मीच करते. तिला अम्मांच्या वेळची चव नाही. जुने लोक ते बोलून दाखवतात, आणि मला ते ऐकायला आवडतं.

गेल्या खेपेला एक म्हातारे गृहस्थ पहिल्यांदाच आले होते. सगळं संपल्यावर ते विद्याक्कांजवळ येऊन म्हणाले, "मंत्रालयाच्या मठात दर्शनाला बसने जायचंय. रात्रभराचा प्रवास. जमेल का मला?" विद्याक्कांनी खुर्ची ओढली, त्यांना समोर बसवलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं, "आधी सांगा, बसमध्ये खिडकीपाशी बसायला आवडतं की वाटेच्या बाजूला?" मग पुढचा अर्धा तास दोघं बोलत राहिले. आम्हाला निघायला उशीर झाला. के. आर. पुरमच्या पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. विद्याक्कांनी खांद्यावरचा पदर घट्ट केला, मान मागे टेकवली आणि होसकोटे येईपर्यंत गाढ झोपल्या.