भाल्याच्या पोराचा नवस

अख्खा पावसाळा आमच्या घरात मटण शिजलं नाही, आणि तेही एका जपानी कार्टूनपायी. कोल्हापुरात राहून! आजही कुणाला सांगितलं तर ते आधी माझ्याकडं बघतात आणि मग कीव आल्यासारखं माझ्या नवऱ्याकडं.

सुरुवात माझीच. लग्न होऊन नवीनच आले होते. नवरा शिरोलीला फौंड्रीत जायचा, आणि दुपारी लसूण सोलता सोलता मी मोबाईल डब्याला टेकवून ॲनिमे बघायचे. जपानी चित्रमालिका हो, पण लहान पोरांची नव्हे. यात विहिरींतून काळी जनावरं वर येतात, गावंच्या गावं गिळतात, आणि मोडक्या भाल्याचं एक पोरगं धाकट्या बहिणीला पाठीशी घालून त्यांना भिडतं. काळाकुट्ट प्रकार. कोण कधी मरेल नेम नाही. आणि मारामारी अशी की लसूण हातातच राहायचा. अगंबाई, काय त्या उड्या, काय ते धावणं!

आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, एकदा मागं येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर त्या म्हणाल्या, "रगात वाहतंय की गं त्याच्या अंगातनं. जेवलास का म्हणून कोण इचारत न्हाय व्हय त्याला?"

झालं! त्या दिवसापासून दुपार आम्हा दोघींची. खालची इंग्रजी अक्षरं आत्तींना वाचता येत नव्हती, म्हणून ऐन मारामारीत मी कोल्हापुरीत सांगायचे, "तो म्हणतोय, ये की भावा, बघतोच तुला." आत्ती मांडी थोपटून ओरडायच्या, "हाण! डावीकडनं हाण त्येला!" सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते बाहेरच्या खोलीतनं विचारायचे, "भांडताय काय गं दोघी?"

मग सीझनचा शेवटचा भाग आला. पोरगं विहिरीच्या काठावर कोसळलं, डोळे मिटले, भाला हातातून सुटला. आणि पाटी आली, पुढचं पुढच्या सीझनला. मी रडले. आत्ती रडल्या नाहीत. उठल्या, देव्हाऱ्यापुढं हात जोडले आणि म्हणाल्या, "आई अंबाबाई, पोरगं उठूस्तोवर या घरात मटण शिजणार न्हाय."

"आत्ती, अहो ते चित्र आहे!"

"चित्राला आई नसती व्हय?"

कप्पाळ माझं!

रविवारी मामा पिशवी घेऊन निघाले, तर आत्तींनी पिशवीच काढून घेतली. मामा हॉटेलातलं मटण तोंडात धरत नाहीत. तांबडा-पांढरा रस्सा आत्तींच्या हातचाच लागतो. "कुठल्या मुलखाचं पोरगं आणि उपास आम्ही काढायचा?" म्हणून ते आठवडाभर तणतणले. पण देवीपुढं शब्द गेला होता, आणि तो मोडायची छाती मामांची नव्हती. आखाड कोरडा गेला. श्रावण तर जाणारच होता.

आपल्या माहेरच्या जत्रेला गडहिंग्लजला आत्तींनी पंगतीत आमटी-भात घेतला. भाऊ "काय झालं अक्का?" म्हणून मागंच लागला, तर सांगून बसल्या, "एक पोरगं पडलंय तिकडं जपानला." मग काय विचारता! रोज पाहुण्यांचे फोन. शुद्धीवर आलं का, डॉक्टर काय म्हणत्यात. मामा कपाळाला हात लावून सांगायचे, "अजून पडूनच हाय हो पावणं."

एकदा त्यांनी मला गाठलं. "नेटवर बघ की, उठतंय का न्हाय ते." गोष्ट पुस्तकात आधीच छापून आली होती, बघणं काही अवघड नव्हतं. पण मेलेलं निघालं तर? मटण गेलं ते कायमचं, आणि आत्तींना सांगायचं कुणी? खरं सांगते, मला भीती वाटली. मी नाही बघितलं.

नवरात्र झालं आणि एका रविवारी नवा सीझन आला. आम्ही टीव्हीवरच लावला. "कार्टून काय बघायचं" म्हणत मामा खुर्ची ओढून सगळ्यांत पुढं. काळोख, पाणी ठिबकतंय, बहीण भावाला हलवतेय. आत्तींनी माझा दंड असा आवळला की वळ उठले. पोराचं बोट हललं. मग मूठ वळली. मग भाला!

"उठलं! उठलं गं!" मामा खुर्चीवरनं उडालेच. "थांबीव ते! मी आल्याबिगर फुडं लावायचं न्हाय!" आणि पिशवी घेऊन पसार.

मटण शिजलं. वास गल्लीभर. ताटं घेऊन आम्ही उरलेला भाग लावला. आत्तींनी पहिला घास उचलला, आणि पडद्यावर काळ्या जनावरानं बहिणीला विहिरीत ओढलं. पाटी आली, पुढच्या आठवड्यात.

आत्तींचा घास खाली आला. नजर देव्हाऱ्याकडं वळली. मामांनी झटकन त्यांचं मनगट धरलं. इतक्या दिवसांत त्यांनी आत्तींचा हात धरलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"आधी जेव. मग काय बोलायचं ते बोल."

"बरं," म्हणून आत्तींनी घास खाल्ला. हात उष्टा होता म्हणून नुसते डोळे मिटले. "आई अंबाबाई, पोरगी वर येईस्तोवर ह्यांचा तंबाखू बंद."

 मामा गुमान उठले, खिशातली पुडी काढून फ्रीजवर ठेवली, परत ताटावर बसले आणि माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "जगंल न्हवं गं पोरगी?"