पंचहजारी सरदारांची पत्तेवेचणी

नवऱ्याने लवकर निवृत्ती घेतली तेव्हा शिवणबाईंना वाटलं, आता दुपारी दोन शब्द बोलायला घरात माणूस मिळेल. माणूस मिळाला खरा, पण तो बोलायचा फक्त आकड्यांविषयी.

बाईंचा शिवणवर्ग चपलांच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत चाले. महिन्यातून एकदा त्या जुन्या विद्यार्थिनींना आणि गिऱ्हाइकांना ई-मेल लिहीत. कॉलर मान का सोडते, अस्तर आधी धुऊन का घ्यायचं, असं काहीबाही, आणि शेवटी नव्या वर्गाची तारीख. बायका उत्तरं लिहीत, फाटक्या कोपरांचे फोटो पाठवीत, आणि वर्ग भरे.

"एवढ्याशा टाळक्यांना लिहून काय होणार?" नवरेसाहेबांनी नाक मुरडलं. "यादी वाढवायला हवी. त्याचं शास्त्र असतं." हे शास्त्र त्यांनी जेवणानंतर आडवं पडून, मोबाइलवर व्हिडिओ बघून कमावलं होतं. पाच हजार पत्ते जमले की धंदा आपोआप धावतो म्हणे.

मग साहेबांनी असा सपाटा लावला की भंगारवाल्यानेही हात टेकावेत. दातांच्या दवाखान्यात काचेचं भांडं ठेवलं: ई-मेल पत्ता टाका, सोडतीत शिलाई मशीन जिंका. दाढ उपटायला आलेल्या आजोबांनीही सुजल्या गालाने पत्ते टाकले. कहर म्हणजे, जुन्या सहकाऱ्याचे वडील गेले तेव्हा सांत्वनाच्या मेलवर जेवढे पत्ते दिसले तेवढे यांनी अलगद खुडून घेतले. कुणाला विचारलं? छे. शास्त्रज्ञाला कुठला आलाय वेळ.

"म्हातारा गेला ते राहिलं बाजूला, आणि तू पत्ते वेचत बसलास होय रे?" वन्सं म्हणाल्या. वन्सं म्हणजे साहेबांची थोरली बहीण, तोंडाने फटकळ पण न्यायाची. "या पंचहजारी सरदाराला कुणीतरी आवरा."

"ताई, तुला नाही कळायचं," सरदार म्हणाले. हुद्दा त्यांना आवडलेला दिसला.

पाच हजार भरले. एवढ्या मोठ्या फौजेला महिन्यातून एकच पत्र म्हणजे अपमानच की. मग रोज मेल जाऊ लागला, आणि रोज त्यात 'शेवटची संधी' असे. अस्तर आणि कॉलर केव्हाच हद्दपार झाले.

"अहो, रोज रोज कोण वाचेल?" बाईंनी विचारलं.

"अगं, एवढ्यांतले थोडे तरी वाचतीलच ना."

अशातच घरमालकांचा निरोप आला. फोटो स्टुडिओवाला खोली मागतोय. या खेपेला वर्ग भरला तर राहा, नाहीतर खोली सोडा. बाईंनी स्वतः बसून नव्या वर्गाचं पत्र लिहिलं. सरदारांनी बटण दाबलं आणि हात झटकले.

ठरल्या दिवशी बाईंनी मशीनना तेल घातलं, कात्र्या मांडल्या आणि वाट बघत बसल्या. जिना चढून आली ती एकटी नर्स. जुनी विद्यार्थिनी, कोटाची चेन बदलून घ्यायला आलेली.

"आज नवा वर्ग? बाई, कळवायचं तरी. मी आणि माझी जाऊ, दोघी येणार होतो."

"पत्र पाठवलं होतं की."

नर्सने मोबाइल चाचपला आणि ओशाळली. पत्र 'स्पॅम'च्या खणात पडलं होतं, शेवटच्या संधींच्या ढिगाऱ्यात. "रोज यायला लागलं ना, म्हणून मीच तिकडे ढकललं."

तिने एकटीनेच नव्हतं ढकललं. दाढवाल्यांनी ढकललं, सुतकातल्यांनी तर आधी ढकललं. इतक्यांनी ढकलल्यावर मेल कंपनीने बाईंचं टपाल सरसकट कचऱ्यात टाकायला सुरुवात केली होती. वाचायची हौस असणाऱ्यांच्या दारापर्यंतही ते पोचत नव्हतं.

घरी येऊन बाईंनी सगळं सांगितलं. सरदारांनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. मग म्हणाले, "पण आकडा बघ ना. अजून कुठे कमी झालाय?"

उलटी जोडलेली बाही बघावी तसं बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. तिच्यावर चिडून उपयोग नसतो, ती उसवावीच लागते.

खोली गेली. मशीन घरच्या बैठकीत आल्या आणि सरदारांचं कॉम्प्युटरचं टेबल बाल्कनीत गेलं. यादी बाईंनी पुसून टाकली. पूर्वी उत्तरं लिहिणाऱ्या बायकांना एकेक फोन करून, "पत्र पाठवत जाऊ का?" असं विचारलं. ज्या नको म्हणाल्या त्यांचेही आभार मानले. अर्धामुर्धा का होईना, वर्ग सुरू झाला.

पहिल्याच दिवशी सरदारांनी नर्सच्या जावेला दारात गाठलं. "तुमच्या मैत्रिणींचे ई-मेल पत्ते मिळतील का?"

"त्यांना विचारून सांगते," ती म्हणाली, आणि आत जाऊन सुईत दोरा ओवू लागली.