वरखालींच्या घरचा पास्ता

आमचे साडू लिफ्टचे मेकॅनिक आहेत. घरात त्यांना सगळे ‘वरखाली’ म्हणतात, पण त्यात धंद्याचा वाटा निम्माच. उरलेला निम्मा त्यांच्या बसण्याचा. हा गृहस्थ खुर्चीत बसतो म्हणजे खुर्चीला शिवून येतो. त्यांच्या लग्नाच्या फोटोत सगळं वऱ्हाड ठळक आहे, नवरदेव तेवढा पुसट. सासरेबुवांनी तेव्हा फोटोग्राफरला चांगलं झापलं होतं. पुढे जावयाची नीट ओळख झाल्यावर त्याच्या दुकानात जाऊन माफी मागून आले.

गेल्या महिन्यात त्यांची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, नोकरीतल्या प्रशिक्षणासाठी सहा महिने परगावी गेली. मागे उरले वरखाली आणि दोन मुलं. मोठी मुलगी नऊ वर्षांची. ती कुणालाही उलटतपासणीशिवाय सोडत नाही, म्हणून ती इन्स्पेक्टर. धाकटा दिसेल ते बटण दाबतो, म्हणून तो बटण.

मेव्हणीची गाडी सुटली न सुटली तोच माझ्या बायकोने निकाल देऊन टाकला, “मुलं आपल्याकडे आणायची.”

“अगं, त्यांचा बाप आहे की.”

“आहे ना! पण फोन वाजला की तो कुठे असतो? कुठल्यातरी लिफ्टच्या टपावर. मग मुलांकडे कोण बघणार, लिफ्ट?”

संध्याकाळी वरखालींना चहाला बोलावून तिने त्यांनाही हेच ऐकवलं. ते नुसतं म्हणाले, “ताई, एक दिवस आमच्याकडे जेवायला या. बघा. मग न्यायचं तर न्या.” शेवटचे शब्द ते इतके हळू बोलले की मला चहा कडू लागला.

बेत मुलांनी ठरवला. क्रीम घातलेला सॉसेज पास्ता. इन्स्पेक्टरने तो मैत्रिणीकडे एकदा खाल्ला होता, आणि खाल्लेला पदार्थ आपल्याला करता येतो असा त्या घराण्याचा ठाम समज आहे. मला बायकोने तासभर आधी पाठवलं. तिच्या मते मी तिचा हेर होतो, वरखालींच्या मते त्यांचा माणूस. मी दोघांनाही मान डोलावली होती.

गेलो तर स्वयंपाकघरात नुसती धावपळ. सॉसेजच्या चकत्या परतून झाल्या होत्या आणि ताटलीत निथळत होत्या. बटण येता-जाता एकेक कमी करत होता. वरखाली कांदा चिरत होते, मधेच खिडकीतून रस्त्यावर डोकावत होते, मधेच खिशातला फोन काढून बघत होते.

“बाबा, कुणाचा फोन आलाय का?” इन्स्पेक्टरने विचारलं.

“नाही.”

“मग बघताय कशाला?”

“आला नाही ना, तेच बघतोय.”

पातेल्यात पाण्याला उकळी फुटली. मीठ घातलं, पास्ता घातला. बटणाने शेवटची मूठ उंचावरून सोडली, त्यामुळे ती निम्मी पातेल्यात आणि निम्मी शेगडीच्या मागच्या फटीत गेली. “मी काढतो!” म्हणून त्याने लगेच हात घातला, आणि इन्स्पेक्टर एवढ्याने ओरडली की मी दचकून तिखटाच्या बरणीला धक्का दिला. बरणी आडवी. वरखाली फडकं शोधायला धावले, मी केरसुणी शोधायला धावलो. परत आलो तोवर फट साफ झाली होती आणि मुलं हात धुवत होती.

मग आम्ही पास्ता शिजायची वाट बघायला लागलो. शेगडी विजेची. तिच्यावरचा लाल दिवा कधीचाच गेलेला. अख्ख्या शहरातल्या लिफ्टचे दिवे बदलणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातला बदलायला सवड झाली नव्हती. वरखाली दर मिनिटाला झाकण उघडायचे.

“साडूबुवा, वाफ दिसते का हो?”

“तुम्ही सारखं झाकण उघडता, ती राहील कशी?”

“ताई कधी निघाल्या?”

“निघाली असेल.”

“असेल म्हणजे?”

पास्ता फुगला, पण शिजला नाही. चावला तर बाहेरून खळ आणि आतून काडी. पाणी कोमट होत चाललं होतं. तेवढ्यात बेल वाजली आणि आमची ही आत आली. तिने पातेल्यात एकदा बघितलं आणि पर्स हातातच ठेवली.

“शेगडीच बिघडलीय,” म्हणत वरखालींनी स्क्रूड्रायव्हर काढला. कशाचाही स्क्रू काढण्याआधी त्याचा स्विच बंद करायचा, हा त्यांचा हाताला बसलेला नियम. तो बंद करायला ते दाराजवळच्या पेटीकडे गेले आणि जागच्या जागी थिजले.

त्या पेटीत शेगडीचा स्विच वेगळा आहे आणि त्याला छोटं कुलूप असतं. कामावरची शिस्त त्यांनी घरात आणून बसवलेली: ज्याचे हात यंत्रात, त्याने स्विच बंद करून कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. दुसऱ्या कुणी ते उघडायचं नाही, मग तो मालक असो नाहीतर बाप. नाहीतर आतल्या माणसाचं काही खरं नाही. आणि आता शेगडीचा स्विच बंद होता, कुलूप लावलेलं होतं.

“कुणाचे हात आत आहेत?” वरखाली गरजले. “सगळ्यांनी हात वर!”

बटणाने केले. मी केले. आमच्या हिने पर्ससकट केले. तिने कुणाच्या हुकमावरून हात वर केलेले मी आमच्या संसारात प्रथमच पाहिले.

इन्स्पेक्टरने एकच हात वर केला. दुसरा फ्रॉकच्या खिशात होता. तो किल्ली घेऊन बाहेर आला.

“बटणाने फटीत हात घातला ना, म्हणून मी बंद केलं,” ती रडवेली झाली. “मग तिखट सांडलं... आणि मी विसरले.”

“बंद केलंस ते बरोबर,” वरखाली म्हणाले. “सगळे हात मोज आणि उघड.”

तिने खरंच मोजले. माझे दोनदा, कारण मी सॉसेज उचलायला एक खाली घेतला होता.

पुढचं भराभर झालं. कांदा-लसूण परतला, क्रीम ओतलं, मिरपूड घातली, किसलेलं चीज पडलं. पास्त्याचे गोळे झाले होते, ते बटणाने चमच्याने फोडले आणि निम्मं क्रीम शर्टावर घेतलं. दिसायला सगळं भिंतीच्या गिलाव्यासारखं, पण चव? आमच्या हिने दुसरा घास पहिल्यापेक्षा मोठा घेतला. वरखाली तिच्याकडे बघत उभ्यानेच जेवत होते.

आणि फोन वाजला.

एक बाई आणि तिचं कुत्रं, पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे. पलीकडचा भुंकण्याचा आवाज आम्हालाही ऐकू आला. आमच्या हिने माझ्याकडे बघितलं. ‘मी काय म्हणत होते?’ एवढंच त्या बघण्यात होतं.

बटण खुर्चीवरून उतरला. “बाबा, माझी उशी घेऊ? परत व्हॅनमधे झोपायचंय ना?”

काटा ताटलीत ठेवल्याचा आवाज झाला.

“व्हॅनमधे?” ही म्हणाली. “मुलं व्हॅनमधे झोपतात?”

“दोनदाच,” वरखाली म्हणाले. “दारं लावून. मी पाच-पाच मिनिटांनी खाली येऊन बघत होतो.”

“दहा,” इन्स्पेक्टरने दुरुस्ती केली.

वरखाली खुर्चीवर बसले. खरोखर बसले, पाठ टेकून. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

“ताई, मला कुणाकडे काही मागायला जमत नाही,” ते ताटलीकडे बघत म्हणाले. “लोक अडकले की मला बोलावतात. मी कुणाला बोलवायचं ते मला कळतच नाही. आज... मी येईपर्यंत बसाल का इथे?”

“हे विचारायला महिना लागला भावोजी तुम्हाला?”

“तुम्ही मुलं न्यायचं म्हणत होतात. मला वाटलं, मदत मागितली की गेलीच.”

ही उठली आणि पदर खोचला. “मुलं राहतील इथेच, आपल्या गादीवर. पण तुमचा फोन वाजला की दुसऱ्या मिनिटाला माझा वाजला पाहिजे. कितीही वाजलेले असोत. परत व्हॅनमधे झोपवलीत तर गाठ माझ्याशी आहे. आता निघा, ती बाई रडत असेल.”

वरखाली निघाले. हत्यारांच्या पिशवीसाठी परत आले, मग बुटासाठी परत आले, मग मुलांना नुसतं बघायला परत आले. शेवटी हिने दारच लावून घेतलं.

बटणाच्या शर्टावरचं क्रीम पुसता पुसता ती मला म्हणाली, “आणि तुम्ही हो! उद्यापासून गाडीच्या किल्ल्या उशाशी ठेवायच्या. रात्री मला इथे आणून कोण सोडणार?”

माझ्या झोपेचा विचार त्या घरात कुणाच्याही मनात आला नाही. इन्स्पेक्टर तर मला विचारत होती, “काका, तुम्ही किती हाका मारल्या की उठता?”